विश्लेषण : भूकंपानंतर अख्ख्या शहराचा पंचनामा कसा होतो? क्राइस्टचर्चच्या दीड दशकाचे धडे काय?

अतिवृष्टी असो, गारपीट असो की पूर, आपल्याकडे पहिली मागणी होते ती पंचनाम्याची. पंचनामा झाला तर मदत, नाही झाला तर काहीच नाही, हे गावोगावच्या लोकांना पाठ आहे. पण पावणेचार लाख वस्तीच्या शहराखालची जमीनच हादरली, आणि एकदा नव्हे तर पुन:पुन्हा हादरली, तर नुकसानीची नोंद कोण करणार आणि कशी? न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च या शहरावर २०१० आणि २०११ मध्ये ही वेळ आली. तेथील नोंदींवरून कोणाला घर सोडावे लागले, कोणाला किती पैसे मिळाले, कोणती इमारत पडली आणि कोणती राहिली हे ठरले. एका चुकीच्या नोंदीची किंमत तर अनेकांना जिवानिशी चुकवावी लागली. त्या अनुभवाचा हा आढावा.

क्राइस्टचर्चमध्ये नेमके काय घडले?

४ सप्टेंबर २०१० रोजी पहाटे ४ वाजून ३५ मिनिटांनी शहराच्या पश्चिमेला डारफील्ड या गावाजवळ ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. लोक घरात झोपलेले होते, रस्ते रिकामे होते. इमारतींचे मोठे नुकसान झाले, पण भूकंपाने थेट कोणाचाही बळी गेला नाही. शहर वाचले, अशीच सर्वांची भावना होती. मात्र धक्के थांबले नाहीत. २६ डिसेंबरला आणखी एका धक्क्याने मध्यवर्ती भागातील जुन्या इमारती खिळखिळ्या केल्या.

त्यानंतर २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी, म्हणजे ऐन जेवणाच्या सुटीत, ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. तीव्रतेचा आकडा सप्टेंबरपेक्षा कमी होता. पण या वेळी केंद्र शहराच्या अगदी जवळ आणि जमिनीखाली जेमतेम पाच किलोमीटरवर होते. या भूकंपात १८५ जणांचा मृत्यू झाला. त्यातील ११५ जण सीटीव्ही या एकाच सहा मजली इमारतीत होते, तर १८ जण पाइन गूल्ड कॉर्पोरेशनच्या इमारतीत. जुन्या विटांच्या इमारतींच्या दर्शनी भिंती रस्त्यावर, बसवर आणि पदपथावर कोसळून सुमारे ४० जण दगावले. पुढे १३ जून आणि २३ डिसेंबर २०११ रोजीही मोठे धक्के बसले. म्हणजे सव्वा वर्षात शहराने चार-पाच मोठे आणि हजारो लहान धक्के सोसले. नुकसानीची नोंद एवढी अवघड होण्याचे मूळ कारण हेच होते.

जमिनीची नोंद कशी घेतली गेली?

सप्टेंबरच्या भूकंपाने शेतजमिनीवर सुमारे ३० किलोमीटर लांबीची भेग उघडी पडली. ‘ग्रीनडेल’ नावाने आता ओळखली जाणारी ही भ्रंशरेषा त्याआधी कोणालाच माहीत नव्हती. भूगर्भशास्त्रज्ञांना तिचे मोजमाप करण्यासाठी मदत झाली ती शेतांच्या कुंपणांची आणि रस्त्यांची. कॅन्टरबरीच्या सपाट मैदानात कुंपणे, झाडांच्या रांगा आणि रस्ते अगदी सरळ रेषेत आखलेले आहेत. भूकंपानंतर त्या रेषा मध्येच तुटून बाजूला सरकलेल्या दिसल्या. कुंपणाचे एक टोक दुसऱ्यापासून किती सरकले हे मोजले की जमीन किती हलली हे कळत होते. काही ठिकाणी हे अंतर पाच मीटरच्या आसपास होते. शेतकरी कुंपणे दुरुस्त करून मोकळे होण्याआधी हे मोजमाप करणे गरजेचे होते, म्हणून शास्त्रज्ञ लगोलग शेतांत उतरले.

शहरात आणि आसपास ‘जिओनेट’ या राष्ट्रीय जाळ्याचे भूकंपमापक आधीपासून बसवलेले होते. फेब्रुवारीच्या धक्क्यात हीथकोट व्हॅली येथील यंत्राने गुरुत्वीय त्वरणाच्या दुपटीहून अधिक उभे त्वरण नोंदवले. ही नोंद नसती तर ‘६.२ तीव्रतेचा भूकंप एवढा विध्वंस कसा करू शकतो’ या प्रश्नाचे उत्तर देणे कठीण गेले असते.

तिसरी नोंद विमानातून झाली. विमानातून जमिनीवर लेझर किरण सोडून उंचसखलपणा मोजण्याच्या तंत्राला ‘लायडार’ म्हणतात. शहराचे असे सर्वेक्षण २००३ मध्येच झालेले होते. प्रत्येक मोठ्या भूकंपानंतर ते पुन्हा करण्यात आले आणि जुन्या-नव्या नकाशांची वजाबाकी केली गेली. पूर्वेकडील उपनगरे, विशेषत: एव्हन नदीकाठचे भाग, खचल्याचे त्यातून दिसले. काही ठिकाणी जमीन अर्धा मीटर, तर काही ठिकाणी त्याहूनही अधिक खाली गेली होती. भूकंपाआधीचा नकाशा हाताशी होता म्हणूनच ही तुलना शक्य झाली. नकाशातील फरक लोकांना लवकरच प्रत्यक्षात दिसला. मार्च २०१४ च्या मुसळधार पावसात खचलेल्या भागांतील घरांत पाणी शिरले.

जमीन ‘वितळली’ म्हणजे काय झाले?

क्राइस्टचर्चचा मोठा भाग दलदल आणि नदीच्या गाळावर वसलेला आहे. पाण्याने भरलेली सैल वाळू जोराने हलली की तिच्यातील कणांची एकमेकांवरील पकड सुटते आणि ती काही काळ घट्ट जमिनीऐवजी पातळ चिखलासारखी वागते. याला मृदेचे द्रवीकरण म्हणतात. वरच्या दाबामुळे हा चिखल भेगांमधून उसळून अंगणात, रस्त्यावर, घरात पसरतो. घरे कलंडतात, जमिनीखालच्या वाहिन्या मोडतात आणि गटारांची झाकणे वर उचलली जातात. शहरातून चार लाख टनांहून अधिक गाळ काढावा लागला. फावडी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या हजारो विद्यार्थ्यांची ‘स्टुडंट व्हॉलंटियर आर्मी’ त्यातूनच जगभर माहीत झाली.

पण हा गाळ स्वत:च एक पुरावा होता. कोणत्या गल्लीत किती गाळ वर आला, याच्या नोंदींवरून जमिनीखालची स्थिती कळत होती. त्यामुळे एकीकडे स्वयंसेवक गाळ उपसत असताना दुसरीकडे अभियंते तो वाहून जाण्याआधी गल्लोगल्ली फिरून त्याची नोंद करत होते.

लाल, पिवळा आणि हिरवा फलक कशासाठी?

मोठ्या भूकंपानंतर प्रत्येक इमारतीची सखोल तपासणी करायला महिने लागतात. लोकांना मात्र आज रात्री घरात झोपायचे की नाही, हे लगेच कळायला हवे असते. म्हणून झटपट पाहणी करून दारावर रंगीत फलक लावण्याची पद्धत आहे. लाल म्हणजे धोकादायक, आत जाऊ नये. पिवळा म्हणजे मर्यादित प्रवेश. हिरवा म्हणजे इमारत तपासली, वरवर पाहता कोणताही धोका आढळला नाही. पाहणी दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात बाहेरून नजर टाकली जाते आणि दुसऱ्या टप्प्यात आत जाऊन पाहिले जाते.

अडचण हिरव्या फलकाच्या अर्थात होती. पाहणी करणाऱ्याच्या लेखी त्याचा अर्थ ‘झालेल्या धक्क्याने नजरेत भरेल असे नुकसान झालेले नाही’ एवढाच होता. पुढचा धक्का इमारत सोसेल, असे त्यात कोठेही म्हटलेले नव्हते. पण दारावर हिरवा कागद पाहणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ ‘इमारत सुरक्षित’ असाच वाटला.

हिरवा फलक असूनही सीटीव्ही इमारत कशी कोसळली?

सीटीव्ही इमारत १९८० च्या दशकात बांधलेली, तुलनेने नवी होती. सप्टेंबर २०१० च्या भूकंपानंतर तिला हिरवा फलक मिळाला. ही पाहणी करणाऱ्यांमध्ये संरचना अभियंता नव्हता. २२ फेब्रुवारीला ती काही सेकंदांत कोसळली आणि ढिगाऱ्याला आग लागली. इमारतीत एक दूरचित्रवाणी केंद्र, एक दवाखाना आणि इंग्रजी शिकवणारी संस्था होती. मृतांमध्ये जपान, चीन, फिलिपिन्स, थायलंड अशा देशांतून इंग्रजी शिकायला आलेले अनेक तरुण होते. एकट्या जपानचे २८ नागरिक त्यात होते.

न्यूझीलंड सरकारने रॉयल कमिशन, म्हणजे उच्चाधिकार चौकशी आयोग नेमला. आयोगाच्या निष्कर्षानुसार इमारतीची रचनाच त्या काळच्या नियमांत बसत नव्हती आणि १९८६ मध्ये महापालिकेने तिला परवानगीच द्यायला नको होती. म्हणजे दोष भेगांमध्ये नव्हता, तो आराखड्यात होता. भिंतींकडे पाहून तो कळणारा नव्हता, त्यासाठी जुनी कागदपत्रे काढून अभियंत्याने वाचणे आवश्यक होते. केवळ डोळ्यांना दिसेल त्याचाच पंचनामा केला तर काय होते, याचे हे सर्वांत भीषण उदाहरण ठरले. पोलिसांनी दीर्घ तपासानंतर २०१७ मध्ये फौजदारी खटला न भरण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मृतांच्या कुटुंबीयांनी तीव्र नाराजी व्यक्त केली.

आयोगाच्या शिफारशींनंतर कायदा बदलला. जुलै २०१७ पासून लागू झालेल्या तरतुदींनुसार भूकंपप्रवण इमारतींची देशव्यापी नोंदवही तयार करण्यात आली आणि ती सर्वांसाठी खुली ठेवण्यात आली. इमारतीवर ठळक सूचना लावणे आणि ठरावीक मुदतीत तिचे मजबुतीकरण करणे बंधनकारक झाले. भाडेकरू, कर्मचारी किंवा ग्राहक, कोणालाही आपण कोणत्या इमारतीत पाऊल टाकत आहोत हे पाहता येऊ लागले.

कोणती भेग कोणत्या भूकंपाची, हा वाद का झाला?

न्यूझीलंडमध्ये १९४५ पासून सरकारी भूकंप विमा आहे. घराचा खासगी आगीचा विमा घेतला की त्यासोबत हा विमा आपोआप मिळतो. त्या वेळी ‘अर्थक्वेक कमिशन’ अर्थात ईक्यूसी ही संस्था प्रत्येक घराच्या नुकसानीपैकी पहिले एक लाख न्यूझीलंड डॉलर (अधिक कर) देत असे. त्यापुढील रक्कम खासगी विमा कंपनी देत असे. देशातील बहुतांश घरांना विमा असल्याने जगात इतरत्र कुठे नसेल एवढे आर्थिक संरक्षण इथल्या लोकांना होते.

मात्र भूकंप एक नव्हता. ही एक लाखाची मर्यादा सर्व धक्के मिळून की प्रत्येक धक्क्यासाठी वेगळी, असा प्रश्न उभा राहिला. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ती प्रत्येक धक्क्यानंतर नव्याने लागू होते, असा निर्णय दिला. घरमालकांसाठी हा दिलासा होता. पण त्यातून एक अजब काम निर्माण झाले. एकाच भिंतीवरील भेगांपैकी कोणती सप्टेंबरची, कोणती फेब्रुवारीची आणि कोणती जूनची, याची विभागणी करावी लागली. सप्टेंबर आणि फेब्रुवारीच्या दरम्यान ज्या घरांची पाहणीच झाली नव्हती, त्यांच्याबाबत ही विभागणी तर्कानेच करावी लागणार होती. ज्यांनी प्रत्येक धक्क्यानंतर आपल्या घराची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवली होती, त्यांची बाजू साहजिकच भक्कम ठरली.

ईक्यूसीकडे चार लाखांहून अधिक दावे आले. या संस्थेचे कायमस्वरूपी कर्मचारी भूकंपापूर्वी मोजकेच होते. हजारो पाहणी अधिकारी घाईघाईने भरती करण्यात आले. एकाच घरी वेगवेगळी पथके येऊन वेगवेगळे आकडे लिहून गेली. फरशीखालचा पाया न पाहता केवळ भिंतींच्या भेगा बुजवून दुरुस्ती पूर्ण झाल्याचे दाखवण्याचे प्रकार घडले. दुरुस्त झालेली अनेक घरे वर्षा-दोन वर्षांत पुन्हा दुरुस्तीला काढावी लागली. अशी घरे ज्यांनी नंतर विकत घेतली, त्यांना पायाचा दोष उशिरा कळला. त्यांच्यासाठी सरकारला २०१९ मध्ये स्वतंत्र योजना आणावी लागली.

२०२० मध्ये डेम सिल्व्हिया कार्टराइट यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अहवाल आला. ईक्यूसी एवढ्या मोठ्या आपत्तीसाठी तयार नव्हती आणि अनेकांना भूकंपापेक्षा त्यानंतरच्या प्रक्रियेचा मनस्ताप अधिक झाला, असा त्याचा सूर होता.

विमा कंपनीकडे दोन वेगवेगळे अहवाल कसे?

मोठी खासगी विमा कंपनी एएमआय भूकंपाच्या दाव्यांच्या ओझ्याखाली डळमळल्यावर तिचे जुने दावे निकाली काढण्यासाठी ‘सदर्न रिस्पॉन्स’ ही सरकारी कंपनी तयार झाली. घर बांधायला किती खर्च येईल, याचे तपशीलवार अंदाज ही कंपनी करून घेत असे. न्यायालयात उघड झाले की, काही प्रकरणांत या अंदाजाच्या दोन आवृत्त्या होत्या. कंपनीच्या अंतर्गत वापराच्या आवृत्तीत व्यावसायिक शुल्क आणि आकस्मिक खर्च धरलेले होते. घरमालकाला दाखवलेल्या आवृत्तीत ते नव्हते. त्या कमी आकड्यावर विसंबून एका कुटुंबाने तडजोड स्वीकारली होती. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही दिशाभूल असल्याचा निर्णय दिला आणि अपील न्यायालयाने २०२० मध्ये तो मुख्यत: कायम ठेवला. त्यानंतर अशाच इतर ग्राहकांनाही फरकाची रक्कम देण्याची योजना सरकारने जाहीर केली.

म्हणजे नोंद होणे पुरेसे नसते. ज्याच्या नुकसानीची नोंद आहे त्याला ती पूर्ण पाहता यायला हवी, हा या खटल्याचा अर्थ.

‘रेड झोन’ कसा ठरला?

२३ जून २०११ रोजी सरकारने जमिनीच्या नोंदींच्या आधारे शहराची विभागणी जाहीर केली. जिथे घर वेगवेगळे दुरुस्त करून उपयोग नाही, कारण संपूर्ण परिसराची जमीनच निकामी झाली आहे, असे भाग ‘रेड झोन’ ठरले. इतरत्र घरे बांधता येणार होती, पण त्या जमिनीचेही नंतर तीन तांत्रिक गट पाडले गेले. तिसऱ्या गटात घर बांधायचे तर विशेष पाया आवश्यक ठरला. पुढे टेकड्यांवरील धोकादायक घरे धरून सुमारे आठ हजार घरे रेड झोनमध्ये गेली. सरकारने ती विकत घेण्याचा प्रस्ताव दिला. किंमत ठरवण्यासाठी मालमत्ता करासाठी २००७ मध्ये केलेले मूल्यांकन आधार धरले.

बहुतेकांनी प्रस्ताव स्वीकारला. पण कागदावरचे मूल्य आणि प्रत्यक्षातील घर यांत तफावत असणाऱ्यांचे नुकसान झाले. ज्यांच्या घराला विमा नव्हता किंवा ज्यांची जागा रिकामी होती, त्यांना सुरुवातीला जमिनीच्या निम्म्या किमतीचाच प्रस्ताव मिळाला. हे लोक न्यायालयात गेले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा नसलेल्यांबाबतचा हा निर्णय योग्य रीतीने घेतला गेला नाही, असे ठरवले. त्यांना उरलेली रक्कम मिळण्यास आणखी काही वर्षे लागली.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र अनुकरणीय झाली. जमिनीखालची माती तपासण्यासाठी विमा कंपन्या, सरकारी यंत्रणा आणि खासगी अभियंते यांनी हजारो ठिकाणी चाचण्या केल्या होत्या. या नोंदी प्रत्येकाच्या कपाटात पडून राहण्याऐवजी एका सामाईक संगणकीय कोशात टाकण्यात आल्या. शेजारच्या भूखंडाची चाचणी आधीच झालेली असेल तर अभियंत्याला ती पाहता येऊ लागली. कॅन्टरबरीसाठी सुरू झालेला हा कोश पुढे देशव्यापी करण्यात आला.

कोणत्या इमारती वाचल्या, कोणत्या गेल्या?

मध्यवर्ती भागाभोवती लष्कराच्या मदतीने कडे उभारण्यात आले. ते टप्प्याटप्प्याने आक्रसत गेले, पण पूर्णपणे उठायला ३० जून २०१३ उजाडला. या काळात मध्यवर्ती भागातील हजाराहून अधिक इमारती पाडल्या गेल्या. त्यांपैकी अनेक वारसा इमारती होत्या. कड्याच्या आत सामान्य नागरिकांना प्रवेश नसल्याने आपले शहर आपल्या नजरेआड नाहीसे होत असल्याची भावना अनेकांनी बोलून दाखवली. इमारत पाडण्याआधी तिची छायाचित्रे आणि मापे घेणे म्हणूनच महत्त्वाचे ठरले.

शहराचे प्रतीक असलेल्या एकोणिसाव्या शतकातील अँग्लिकन कॅथेड्रलचा मनोरा फेब्रुवारीत कोसळला. तेव्हा त्याखाली सुमारे २० जण अडकल्याची भीती होती. प्रत्यक्षात मार्चमध्ये शोध पूर्ण झाला तेव्हा तिथे एकही मृतदेह आढळला नाही. पहिल्या तासांतील आकडे किती सावधपणे घ्यावेत, याचा हा धडा. हे कॅथेड्रल पाडायचे की उभारायचे यावर वर्षानुवर्षे वाद आणि खटले चालले. अखेर २०१७ मध्ये उभारणीचा निर्णय झाला, २०२० मध्ये काम सुरू झाले. खर्चाचा अंदाज दुपटीहून अधिक वाढला आणि २०२४ मध्ये निधीअभावी काम थांबवण्यात आले. दरम्यान, जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी पुठ्ठ्याच्या नळ्या वापरून उभारलेले तात्पुरते कॅथेड्रल २०१३ पासून वापरात आहे.

क्रिकेटप्रेमींना लँकेस्टर पार्क आठवत असेल. १९९० मध्ये याच मैदानावर रिचर्ड हॅडली यांनी संजय मांजरेकर यांचा त्रिफळा उडवून कसोटी क्रिकेटमधील आपला ४०० वा बळी घेतला होता. २०११ नंतर तिथे मोठा सामना होऊ शकला नाही आणि प्रेक्षक स्टँड पाडून टाकावे लागले. आता आंतरराष्ट्रीय क्रिकेट हॅगली ओव्हलवर होते.

लोकांच्या आठवणींची नोंद कोणी ठेवली?

सरकारी नोंदीत घराचे क्षेत्रफळ येते, पण त्या घरात त्या दिवशी काय झाले ते येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅन्टरबरीच्या पुढाकाराने ‘सिस्मिक’ हा संगणकीय संग्रह उभा राहिला. राष्ट्रीय ग्रंथालय, संग्रहालये, शहर ग्रंथालये अशा अनेक संस्था त्यात सहभागी झाल्या. छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, पत्रके, वार्तांकन, अहवाल असा लाखाहून अधिक नोंदींचा हा संग्रह संशोधक आणि नागरिकांसाठी खुला आहे.

त्यातील ‘क्वेकबॉक्स’ हा प्रयोग विशेष उल्लेखनीय. मालवाहू कंटेनरचे ध्वनिमुद्रण कक्षात रूपांतर करून तो २०१२ मध्ये शहराच्या वेगवेगळ्या भागांत ठेवण्यात आला. ज्याला वाटेल त्याने आत जाऊन आपला अनुभव आपल्या भाषेत सांगायचा. सातशेहून अधिक लोकांनी तो सांगितला. काही वर्षांनी त्यांतील अनेकांना पुन्हा बोलते करण्यात आले. भूकंपाची आठवण काळाबरोबर कशी बदलते, याचा अभ्यास त्यामुळे शक्य झाला.

मृतांच्या स्मरणाचेही वेगवेगळे मार्ग निघाले. कलावंत पीटर माजेंडी यांनी १८५ पांढऱ्या रिकाम्या खुर्च्या मांडल्या. त्यांतील एकही दुसरीसारखी नव्हती. आरामखुर्ची, चाकाची खुर्ची, लहान बाळाची खुर्ची अशी प्रत्येक माणसाची वेगळी ओळख त्यात होती. एव्हन नदीकाठी मृतांची नावे कोरलेली स्मारकभिंत २२ फेब्रुवारी २०१७ रोजी खुली झाली.

आज शहर कसे आहे?

पुनर्बांधणीचा एकूण खर्च सुमारे ४० अब्ज न्यूझीलंड डॉलर धरला जातो. ‘शेअर ॲन आयडिया’ या मोहिमेत नागरिकांकडून २०११ मध्ये एक लाख सहा हजार सूचना आल्या. कमी उंचीचे, हिरवे, चालण्याजोगे शहर हवे, असा त्यांचा कल होता. २०१८ मध्ये ‘तुरांगा’ हे नवे मध्यवर्ती ग्रंथालय आणि २०२१ मध्ये ‘ते पाए’ हे संमेलन केंद्र उभे राहिले. नदीकाठच्या रेड झोनची सुमारे ६०२ हेक्टर जमीन आता हरितपट्टा म्हणून विकसित होते आहे. घरे गेली, पण त्यांच्या अंगणातील झाडे जागच्या जागी आहेत. रस्त्याच्या कडेला ओळीने उभी असलेली फळझाडे पाहून पूर्वी इथे कुंपणे होती, हे ओळखता येते.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे?

महाराष्ट्राला भूकंप नवा नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयना आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारी भूकंप अनेकांच्या स्मरणात आहे. किल्लारीनंतर नुकसानीच्या प्रमाणानुसार गावांचे गट पाडले गेले आणि सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. गुजरातमध्ये २००१ च्या भूकंपानंतर घरांचे नुकसान ‘जी-१’ ते ‘जी-५’ अशा श्रेणींत मोजून मदत ठरवली गेली. म्हणजे नोंदीवरून नशीब ठरण्याचा अनुभव आपल्याकडेही आहे.

पण शहरांच्या बाबतीत तयारी आधी व्हायला हवी. मुंबईत धोकादायक इमारतींना ‘सी-१’ ते ‘सी-३’ अशा श्रेणी दिल्या जातात आणि पावसाळ्यापूर्वी याद्या जाहीर होतात. ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण बंधनकारक आहे. मात्र हा अहवाल बहुतेकदा सोसायटीच्या कपाटात राहतो. भाडेकरूला किंवा नवे घर घेणाऱ्याला तो मागावा लागतो. परीक्षणाचा भर बहुधा गंजलेल्या सळ्या, गळती आणि पोपडे यांवर असतो. सीटीव्ही इमारतीने दाखवले की, सुस्थितीत दिसणारी इमारतही मूळ आराखड्यात सदोष असू शकते. त्यामुळे परीक्षणाच्या वेळी जुने आराखडे महापालिकेच्या दप्तरातून काढून तपासणे तितकेच आवश्यक आहे.

दुसरी गोष्ट मातीच्या नोंदींची. मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा बराच भाग भराव घालून किंवा खाडीकाठच्या जमिनीवर उभा आहे. प्रत्येक मोठ्या प्रकल्पासाठी, मेट्रोसाठी, टॉवरसाठी तिथे मातीच्या चाचण्या होतातच. त्या एका सामाईक कोशात आल्या, तर आपत्तीनंतर नव्हे तर आधीच धोक्याचा नकाशा तयार होऊ शकतो. त्यासाठी नव्याने खोदकाम करण्याची गरज नाही, असलेली माहिती एकत्र करण्याची आहे.

तिसरी गोष्ट प्रत्येक घरमालकाच्या हातातील आहे. घराचा विमा, मंजूर आराखडा, परीक्षण अहवाल आणि घराची तारखेसह छायाचित्रे यांची प्रत घराबाहेर किंवा मोबाइलवरील साठवणीत असावी. भूकंपानंतर पाहणी पथक येते तेव्हा त्याला दिसते ते फक्त आजचे नुकसान. काल घर कसे होते हे दाखवण्याची जबाबदारी मात्र घरमालकावर येते, आणि क्राइस्टचर्चमध्ये हजारो लोकांना त्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले.